तीन बोटांनी सांगितलेलं

माझ्या सासऱ्याचं नाव मी घेणार नाही. तो मेला तरी घेणार नाही.

आमच्याकडे सुनेनं सासरच्या थोरल्या पुरुषांची नावं घ्यायची नसतात. नुसती नावंच नाहीत, नावात जो शब्द असेल तोही तोंडातून काढायचा नाही. इथं परक्यांत सांगते म्हणून, घरात नाही: माझा एक चुलतसासरा ताश, म्हणजे दगड. झालं, दगड गेला. दुसरा तेमिर, म्हणजे लोखंड. लोखंड गेलं. आजेसासरा बोरू, म्हणजे लांडगा. तो कधीच मातीत गेला होता, तरी कळपावर लांडगा आला की मी "तो आला, तो, केसाळ!" असं ओरडायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं, कोण केसाळ? लग्न होऊन मी आक-तेरेक गावी आले तेव्हा या लोकांनी माझ्या तोंडातून अर्धं जग काढून घेतलं. आणि वर कौतुक काय, तर सून गुणाची आहे, आवाज ऐकू येत नाही.

त्या घरात आवाज नसलेलं आणखी एक माणूस होतं. माझा धाकटा दीर, तुराप. जन्माचा बहिरा. मी आले तेव्हा लहान होता. त्याला कुठं न्यायचं असेल तर खांद्याला धरून न्यायचे, नको असेल तर ढकलायचे. एवढीच भाषा. मेंढीला यापेक्षा जास्त हाका होत्या.

एकदा उन्हाळ्यात वरच्या कुरणावर वारा सुटला आणि तंबूचा नमदा, लोकर चेपून केलेलं जाड आच्छादन, फडफडायला लागला. कडेला ठेवायला दगड हवा होता. सासरा समोरच बसलेला, त्यामुळे दगड म्हणायची सोय नाही. मी चिडले आणि डाव्या तळव्यावर उजवी मूठ आपटली. तशीच का आपटली, देव जाणे. तुरापनं पाहिलं, गेला आणि दगड घेऊन आला.

मग दिवसभर त्याला थारा नाही. ओढ्यातला गोटा दिसला, मूठ आपटली. चुलीचा दगड, मूठ. समोरचा डोंगर, मूठ. शेवटी त्यानं बापाच्या डोक्याकडे बोट केलं आणि मूठ आपटली. मी रुमालाचं टोक तोंडात कोंबून तंबूत पळाले.

त्या दिवसाआधी त्याच्या डोक्यात दगड होता की नव्हता, हे मला आजही कळलेलं नाही. उचलत तर तो रोज होता.

पुढं आमच्या दोघांच्या हातांना तोंड फुटलं. दूध, घोडी, वादळ, भूक, खोटं बोलतोस, उद्या, जाऊ दे. कुणी शिकवलं नाही. गरज पडली की हात काहीतरी करायचा आणि दुसऱ्या वेळी तोच हात शब्द झालेला असायचा. वर्षं गेली तशी मला स्वप्नंही हातांची पडायला लागली. माझी मेलेली आईसुद्धा स्वप्नात हातांनी बोलायची, जिनं हयातीत तुरापला पाहिलंही नव्हतं.

ज्यांचं नाव घ्यायचं नाही त्यांना सुनेनं स्वतः नाव द्यायचं, ही आमची रीतच आहे. चारचौघांत मी सासऱ्याला 'थोर' म्हणायचे. हातांनी वेगळं नाव होतं. हनुवटीखालची दाढी ओढल्यासारखं करायचं आणि जबडा आडवा चघळायचा. म्हणजे कळपाच्या पुढं चालणारा म्हातारा बोकड. खच्ची असतो तो. हे नाव मी दिलेलं. तो होताच तसा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेलेली होती, उधळलेल्या घोड्याच्या दोरीत अडकून. उरलेल्या तीन बोटांनी दाढी ओढत तो मान वळवून बसायचा आणि आमचे हात चालू झाले की खेकसायचा, "माशा हाकलताय का? माणसासारखे बसा." तुरापशी तो कधी बोलला नाही. कशानं बोलणार?

आता झालं काय ते सांगते.

उन्हाळा संपत आला होता. गवत कापायला आम्ही सगळे खाली गावात उतरलो. वर कुरणावर कळपाशी फक्त म्हातारा आणि तुराप राहिले. एका सकाळी तुराप म्हाताऱ्याचा घोडा घेऊन आला. खोगीर रिकामं, त्यावर म्हाताऱ्याची टोपी आणि चाबूक बांधलेला.

मेल्याची बातमी आमच्यात सरळ सांगत नाहीत. ससाणा उडाला, पायातली दोरी सुटली, असं आडून आडून सांगतात, म्हणजे ऐकणाऱ्याला बसायला वेळ मिळतो. तुरापला आडून काही येईना. त्यानं माझ्यासमोर दाढी ओढली, मान टाकली, डोळे मिटले. मग जमीन उकरली, लांबट काहीतरी आत ठेवलं, वर दगड रचले. मग झरा दाखवला, वरच्या कुरणावरचा, जिथं आमच्या घोड्या पाणी पितात.

मी नवऱ्याला म्हटलं, "थोर गेले. आणि केरेएझ ठेवून गेले. झऱ्यापाशी पुरा म्हणाले."

केरेएझ म्हणजे मरताना माणूस सांगतो ते. ते मोडणारा पुन्हा लोकांत मान वर करून बसू शकत नाही. म्हणून तर मरणाऱ्याजवळ नेहमी कानांचं माणूस बसवतात.

नवऱ्यानं हातातला विळा खाली ठेवला. "कुणी ऐकलं केरेएझ?"

"तुरापनं."

"तुरापनं ऐकलं," तो म्हणाला. "बरं."

ट्रकनं आम्ही सगळे वर गेलो. म्हातारा तंबूत निजला होता, तुरापनं त्याचं तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, करून ठेवलेलं. सासूबाई, आम्ही त्यांना एने म्हणतो, आत भिंतीकडे तोंड करून विलापगीत धरून बसल्या. बायका त्यांच्याशेजारी. पुरुष बाहेर. ट्रकवाला इंजिनाचं झाकण उघडून उभा होता आणि सारखा म्हणत होता, ढग येतायत, उतार निसरडा होईल, न्यायचं तर आत्ता न्या.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. गावच्या कबरस्तानात त्याच्या आजोबाशेजारी जागा होती. त्यानं विटाही आणून ठेवल्या होत्या, घुमट बांधायला. "वर इथं सहा-सहा महिने बर्फ. कोण येणार दुआ करायला? कोल्हे? बापाला डोंगरात टाकून आला म्हणून गाव मला खाईल." खोटं नव्हतं त्यात काही. ते खोटं नव्हतं याचाच मला राग येत होता.

मी म्हटलं, "आणि केरेएझ?"

सुनेनं पुरुषांच्यात येऊन बोलायचं नसतं. मी आले होते.

शारशेन मोल्दो, आमच्या गावचा मुल्ला, भला माणूस आहे. दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "बुरुल, पोरी, मुक्याची खूण चालत नाही असं नाही. आमच्या उस्तादांनी शिकवलंय, चालते. पण ती खूण चारचौघांना कळायला हवी. ही एकट्या तुला कळते."

"तुम्ही कुणी शिकलात का? बरीच वर्षं होती तुमच्याकडे."

"बघ, लागली टोचायला," मोल्दो म्हणाला. "मी कबूल करतो ना, चूक झाली. पण आज दुपारी मी ती भाषा कुठून आणू?"

तेवढ्यात मेलिस पुढं झाला. माझ्या थोरल्या नणंदेचा नवरा. राजधानीत मोठ्या शाळेत शिकवतो, भाषेचाच मास्तर; सुट्टीत गवत कापायला गावी आला होता. सगळे त्याला झेझ्दे म्हणतात, म्हणजे मेहुणे. चांगला माणूस, फक्त बोलायला लागला की हवेत खडू धरतो. म्हणाला, "सगळ्यांसमोर दाखवू दे त्याला. बघू तरी."

मी तुरापला हातांनी म्हटलं, सांग, परत सांग. तो गर्दीच्या मधोमध उभा राहिला. घोड्यावरून खाली-वर केल्यानं गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं दाढी ओढली. जबडा चघळला. छातीवर हात ठेवला, म्हणजे मी. उकरलं, ठेवलं, दगड रचले. झरा.

आणि तेव्हा मला दिसलं. खाली गावात दिसलं नव्हतं, किंवा मी पाहिलं नव्हतं. तुरापच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत मुडपलेली होती. अख्खं बोलणं तो तीन बोटांनी बोलत होता. दगडाची मूठसुद्धा अर्धवट, वाकडी. तुरापची पाची बोटं धड आहेत. तो असा कधीच बोलत नाही.

हा तुराप बोलत नव्हता. हा म्हाताऱ्याचा हात होता.

म्हाताऱ्यानं मरताना हे स्वतः हातांनी सांगितलं होतं. आणि स्वतःला काय म्हणाला होता? बोकड. मी दिलेलं नाव. कुणी सांगितलं होतं त्याला? कुणीच नाही. म्हणजे मान वळवून बसला असताना तो बघत होता. इतकी वर्षं! मी तुरापला सांगायचे, बोकडानं आज परत कोकरं चुकीची मोजली. बोकड घोरतो तेव्हा तंबूचा नमदा उडतो. बोकडाला म्हणावं पाय धू. आम्ही त्याच्या नाकासमोर बसून खदखदायचो आणि तो माशा हाकलताय का म्हणायचा. सगळं कळत होतं मेल्याला! मला इतका राग आला की तंबूत जाऊन त्याला गदागदा हलवावं.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं. "अशी का बघतेस?"

"हे थोर बोलतायत," मी म्हटलं. "तुराप नाही."

"कशावरून?"

आता इथं पंचाईत. कशावरून ते सांगायचं तर नावाचं सांगायला हवं. बाहेर त्याचे चुलते, मावसभाऊ, सगळ्या खोऱ्यातले पांढऱ्या दाढ्यांचे लोक काठ्यांवर रेलून उभे. आत त्याचं प्रेत. मी एकदा तुरापकडे पाहिलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, जसं काही त्याला ऐकू येणार होतं.

मी सांगून टाकलं. दाढी ओढून, जबडा चघळून दाखवलं आणि म्हटलं, "ही खूण म्हणजे कळपापुढचा बोकड. मी त्यांना बोकड म्हणायचे. आणि त्यांनी मरताना स्वतःला तेच म्हटलंय, तीन बोटांनी. बघा त्याची बोटं."

तंबूतलं विलापगीत एका ओळीवर अडखळलं.

"खच्ची?" एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"या अल्ला," मोल्दो म्हणाला आणि पलीकडे बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते. रडत होता की काय, मला सांगता येणार नाही.

नवऱ्याचा चेहरा लाल झाला होता. "सगळ्या पाहुण्यांसमोर... बाप आत पडलाय माझा आणि तू..."

"थांब, एसेनामान," मेलिस म्हणाला. तो हसत नव्हता. "बुरुल, मी विचारतो त्याचा राग धरू नकोस. माणूस विचार करतो म्हणजे मनातल्या मनात बोलतो. त्याच्याकडे शब्द नाहीत. तू दिलेल्या चार-दोनशे खुणा आहेत. मग 'मला इथं पुरा', एवढा मोठा विचार तो कशात वाहून आणणार?"

"तुमचा दात दुखतो तेव्हा शब्दांत दुखतो का, झेझ्दे?"

"नाही. पण दुखतं आणि मला अमुक ठिकाणी पुरा, हे एकच आहे का?"

मी तुरापच्या हातांकडे पाहिलं.

"आणि बोटांचं," तो म्हणाला. "बापाची आठवण आली की पोरगा बापासारखा लंगडतो, बापासारखा खोकतो. त्यानं बोटं मुडपली ती बाप बोलला म्हणून, की बाप मनात आला म्हणून? त्यानं त्याला स्वतःला जे हवंय तेच बापाच्या हातानं सांगितलं असेल तर?"

"मग खाली गावात दाखवलं तेव्हा?"

"तेव्हा बोटं मुडपलेली होती?"

मी आठवायला गेले. होती का? मला नुसते हात दिसत होते, बोटं दिसत नव्हती. आत्ता आठवलं तर मुडपलेली दिसली. पुन्हा आठवलं तर सरळ दिसली.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"शेवटचं विचारतो. कबरस्तान तुमच्या खिडकीतून दिसतं. रोज उठून त्याची कबर बघायला तुला आवडेल?"

"नाही आवडणार!"

"मग तू त्याचे हात वाचतेस, की तुझं त्यात घालतेस?"

मला त्याला मारावंसं वाटलं. मास्तर म्हणून नाही. तो विचारत होता तेच मीही स्वतःला विचारत होते म्हणून. तुरापच्या हातांना शब्द मीच दिले. मग त्याच्या हातांतून येतं त्यात माझं किती? आणि मला जे विचार येतात ते तरी माझे का? मला तर दगड म्हणायची चोरी. मी दगडाचा विचार करते तेव्हा माझ्या डोक्यात काय असतं? मूठ असते. तळवा असतो. शब्द नसतो. म्हणजे मी विचार करत नाही का? आत निजलेला तो, ज्याला सगळे शब्द मोकळे होते, त्यानं आयुष्यभर धाकट्या पोराशी एक अक्षर काढलं नाही. त्याच्या मनात काय चालायचं? शब्द? की आमचे हात?

"ढग आला," ट्रकवाला म्हणाला. "काय ते ठरवा."

सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. थोरला मुलगा, शब्द त्याचा. तो तुरापकडे गेला. दोघं भाऊ समोरासमोर उभे. मी या घरात आल्यापासून नवऱ्यानं तुरापला पाठीवर थाप मारलेली पाहिली होती, काठी मारलेली पाहिली होती, हातानं बोललेलं एकदाही नाही.

त्यानं आत्ता मी दाखवलं तसं, घोटाळत, दाढी ओढली. जबडा चघळला. सगळ्यांसमोर, बापाच्या मयतीला. मग जमिनीकडे बोट केलं आणि भुवया वर केल्या. म्हणजे बोकड, इथं?

तुरापनं त्याच्या हाताकडे पाहिलं. मान हलवली, नाही म्हणून. आणि पुढं होऊन नवऱ्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, त्याची शेवटची दोन बोटं एकेक करून आत मुडपली, आणि तो तीन बोटांचा हात नवऱ्याच्या दाढीपाशी नेऊन ठेवला. असं. असं म्हणतात.

नवरा तसाच उभा राहिला, स्वतःची दाढी तीन बोटांत धरून. त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो शब्द नव्हता.

"झऱ्यापाशी खणा," मग तो म्हणाला. ट्रकवाल्याला म्हणाला, "तू जा खाली, पाऊस यायच्या आत."

"एसेनामान, याचा अर्थ काहीही..." मेलिसनं सुरुवात केली.

"मला अर्थ कळला नाही, झेझ्दे," नवरा म्हणाला. "मला त्यांचा हात कळला."

मोल्दोनं काही हरकत घेतली नाही. बाह्या सरसावल्या आणि फावडं मागितलं.

बायका कबरीपाशी जात नाहीत. आम्ही तंबूत भिंतीकडे तोंड करून बसलो. विलापात मेलेल्याला हाक मारायची असते आणि मला त्याचं नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून मी नुसतीच सूर धरून होते. एने मध्येच थांबल्या आणि माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "माझ्याशी बोलायचा तो. रोज. त्या पोराशी एकदा तरी बोल म्हणून मी किती सांगितलं. म्हणायचा, मला लाज वाटते, चुकेल." मग परत गायला लागल्या. काय चुकेल, ते मी विचारलं नाही.

पुरुष परत आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. तुराप सगळ्यांच्या मागून आला. त्यानंच खणलं होतं, त्यानंच दगड रचले होते, हे त्याच्या नखांवरून कळत होतं. तो माझ्यासमोर येऊन बसला. दाढी ओढली, या वेळी पाची बोटांनी, त्याच्या स्वतःच्या. आणि दोन्ही तळवे उघडे करून भुवया वर केल्या.

बोकड कुठंय?

मी गोंधळले. स्वतः पुरून आलास ना? झऱ्याकडे बोट केलं. त्यानं मान हलवली. ते नव्हे. मी आभाळ दाखवलं, मोल्दो दाखवतो तसं. त्यानं वर पाहिलं, तिथं पाऊस होता, परत माझ्याकडे पाहिलं. ते नव्हे. मग माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. एवढ्या वर्षांत आम्ही त्यासाठी हात केलाच नव्हता. तोंडातही धुंडाळलं, तर तिथं लोकांनी शिकवलेले शब्द होते, त्यांचा मला उपयोग नव्हता.

शेवटी मी डाव्या तळव्यावर मूठ आपटली. दगड. दुसरं सुचलं नाही.

त्यानं तेही नको म्हटलं. मग मांडी घालून बसला आणि माझ्या हातांकडे बघत वाट पाहायला लागला.